कपारीतली माती

भूतानच्या लामाने मला काहीही दिलं नव्हतं. आमच्या देवघरात सात वर्षं बोटभर उंचीची जी मातीची वस्तू होती, ती मी एका खडकाच्या कपारीतून उचलून खिशात घातली होती. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नव्हतो. या वर्षी पहिल्यांदा फोनवर एकाला सांगितली, मग बायकोला, मग आणखी एकाला. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नाही असं लोक धरून चालतात, आणि मीही ते धरून चालू दिलं.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. हापूसची बाग, आणि घराशेजारी पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. सात वर्षांपूर्वी शहरातल्या काही ओळखीच्यांनी भूतानची सहल काढली. कोणीतरी आयत्या वेळी गळलं, त्याच्या जागी मी गेलो. दहा बाप्ये, फरसाणाच्या पिशव्या, गाडीत मोठ्याने गाणी. मी मागच्या सीटवर गप्प बसून होतो. आमचा गाइड तिथलाच तरुण, हिंदी स्वच्छ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराने 'ला' लावायची सवय. 'सर, हळू बोला ला.' आमच्यातल्यांनी दुसऱ्या दिवसापासून त्याची नक्कल सुरू केली. तो हसायचा. मला लाज वाटायची, पण मी कोणाला थांबवलं नाही.

एका मठाकडे चढताना पायवाटेच्या कडेला मोठा खडक पुढे आलेला होता. त्याच्या खाली, पावसाचं पाणी पोचणार नाही अशा जागी, मातीचे लहान लहान कळस ओळीने मांडलेले. काही पांढरे, काही तांबूस, काही ढासळून नुसती माती झालेले. बाकीचे पुढे गेले होते. मी वाकून एक उचलला. उचलण्याआधी मागे वळून पाहिलं, हे मला नीट आठवतं. ज्याला आपण करतो ते ठीक वाटत असतं, तो मागे वळून बघत नाही.

घरी आल्यावर बायकोने माझी बॅग उपसली आणि रुमालात गुंडाळलेली ती वस्तू तिच्या हाती लागली. 'हे काय?' असं विचारता विचारताच तिने ती कपाळाला लावलीसुद्धा. आता उचलून आणली म्हणून कसं सांगायचं? म्हटलं, तिथल्या लामाने दिली. तिने ती देवघरात ठेवली. शेजारपाजारच्या बायका दर्शनाला आल्या. प्रत्येकीला लामाची हकीकत हवी होती आणि ती सांगायला बायको मला पुढे करायची. दोन वाक्यांची गोष्ट वाढत गेली. लामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, असंही मी एकदा सांगून बसलो.

मग त्यावर फुलं चढू लागली. मला वाटायचं, ठीक आहे, कोणाचं काय बिघडलं.

खोल्यांच्या दाराशी मी स्वतः रंगवलेला एक फलक आहे. समुद्रावरून शिंपले, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, रोपं, देवळाच्या आवारातून काहीही उचलू नये. गेल्या थंडीत पुण्याचं एक तरुण जोडपं दोन दिवस राहून गेलं. माणसं चांगली होती. ती गेल्यावर चारच दिवसांत वाडीतल्या एका मुलीने मोबाइल आणून दाखवला. त्या जोडप्याने टाकलेला त्यांच्या बैठकीच्या खोलीचा फोटो, कपाटावर एक तळहाताएवढा लाकडी पाळणा. असे पाळणे आमच्याकडे सड्यावरच्या राखणदाराच्या छोट्या देवळात, घुमटीत, असतात. राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा देव. मूल व्हावं म्हणून नवस केलेला असतो आणि फळला की पाळणा वाहतात. या दोघांना तो शोभेची वस्तू वाटला.

वाडी तापली. माणसं माझ्याकडून गेलेली, म्हणून फोन मी केला. त्यातला मुलगा गडबडला, पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. म्हणाला, 'काका, उद्याच कुरिअर करतो.'

मी म्हणालो, 'कुरिअरने नाही. जिथून उचललात तिथे स्वतः आणून ठेवायचा. तुम्ही दोघांनी.'

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. इतका ठाम मी कधी कोणाशी बोललो नव्हतो.

ती दोघं पुढच्याच रविवारी आली. दुपारी कातळ तापलेला, दोघं अनवाणी. गुरवाने पाळणा घुमटीत ठेवायला लावला आणि गाऱ्हाणं घातलं. या लेकरांच्या हातून चुकून आगळीक झाली असेल, ती पदरात घे, यांना सुखरूप घरी पोचव. सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. त्या मुलाची मान खाली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी हाताची घडी घालून पुढच्या रांगेत उभा होतो. दोघं निघताना त्याने माझे पाय धरले, आणि मी धरू दिले.

घरी आलो तर बायको संध्याकाळच्या दिव्याची तयारी करत होती. त्या मातीच्या कळसावरचं सकाळचं जास्वंदीचं फूल तिने अलगद काढून बाजूला ठेवलं. मी उंबरठ्यावर थांबलो. आत जाववेना.

आठवडाभर काही सुचलं नाही. मग कपाट धुंडाळून त्या गाइडचं जुनं कार्ड काढलं. नंबर तोच होता. पुन्हा यायचंय म्हणून मी सुरुवात केली. तो खूश झाला, किती दिवस, किती माणसं विचारू लागला. मला थापा पुढे नेता आल्या असत्या. पण पाळणा डोळ्यांसमोर होता. म्हणालो, तुमच्याकडून मी एक वस्तू उचलली होती, ती परत ठेवायची आहे. फोटो पाठवतो.

फोटो बघून तो म्हणाला, याला त्सात्सा म्हणतात. घरातलं माणूस गेलं की दहनानंतरची हाडांची राख मातीत कालवून असे एकशेआठ करतात आणि डोंगरात, वाटेकडेला, खडकाखाली ठेवतात. सगळ्यांत राख असतेच असं नाही. 'पण या वाटेवरच्यात बहुतेक असते ला.'

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. विसर्जनाला नेईपर्यंत फडक्यात बांधून बाहेर झाडाला अडकवून ठेवतात. आणि मी कोणाच्या तरी अस्थी सात वर्षं देवांच्या शेजारी ठेवल्या होत्या. पण त्याहून वाईट आठवण मला फोन ठेवल्यावर झाली. आणल्यावर पहिल्याच सकाळी बायकोने इतर देवांबरोबर तो कळसही ताम्हनात घेऊन पाणी घातलं होतं. माती कच्ची, टोक विरघळलं, पाणी गढूळ झालं. तिने घाईने तो बाहेर काढून पुसला आणि त्यानंतर कधी भिजवला नाही. पण ते पाणी तिने टाकलं नव्हतं. लामाकडची माती, औषधासारखीच, असं म्हणून दोन पळ्या मला दिल्या, दोन स्वतः घेतल्या, उरलेलं तुळशीला घातलं.

हे तिला सांगायला मला मे महिना उजाडला. आंबा संपत आला होता. ती पडवीत बसून ताटांमध्ये आंबापोळीची साठं घालत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत रसात. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. लामापासून तीर्थापर्यंत. ती हात न थांबवता ऐकत राहिली. हातातलं ताट पुरं केलं, रस कडेपर्यंत सारखा पसरला, मग म्हणाली, 'आणि तो डोक्यावर हात?'

'तोही नव्हता.'

'सगळ्या वाडीला सांगितलंत हो ते. मी तर माहेरीपण सांगून आले.'

तिने दुसरं ताट पुढे ओढलं, पण रस घातला नाही.

'बाई होती की बाप्या?'

माहीत नाही म्हणालो. तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. मला माझं पाप दिसत होतं. तिला त्या मातीतलं माणूस दिसलं.

तिने हात धुतले, अंघोळ केली, कोऱ्या फडक्यावर तो कळस देवघरातून उचलला आणि पडवीच्या फडताळात ठेवला. झाडाला बांधला तर पावसात विरघळेल, म्हणून घराबाहेर पण छपराखाली. एका डब्यात ठेवून भोवती तांदूळ घातले, धक्का लागू नये म्हणून. फूल मात्र त्या दिवसानंतरही घालत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, सात वर्षं घातलंय, आता एकदम परकं कसं करू? माझ्याशी पुढचे काही दिवस ती फक्त कामापुरतं बोलली. मग एका सकाळी चहा ठेवताना म्हणाली, 'कधी जायचं? मी पण येणार.'

तिथपासून आमची खरी तयारी सुरू झाली. मी आधी मनात ठरवलं होतं की विमानाने जावं, दोन दिवसांत ठेवून यावं. गाइडने शांतपणे तो बेत मोडला. पावसाळ्यात वाटा निसरड्या, तेव्हा नको. सणाच्या गर्दीत नको. नोव्हेंबरात या, रेल्वेने सीमेपर्यंत या, आणि चार गावं बघायचा हट्ट न धरता एकाच खोऱ्यात राहा. मठाच्या खालच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी सोय होईल, ते जेवतील ते जेवायचं. पाहुण्यांकडून तिथलं सरकार दर दिवसाची फी घेतं. ती का, हे त्याने मला समजावून सांगायची गरज पडली नाही. तीन खोल्यांमागे गावाचं किती पाणी जातं आणि किती कचरा होतो, ते मी रोज बघतो.

मठातल्या लामाला, म्हणजे खऱ्या लामाला, त्याने आधीच विचारून ठेवलं. लामाचा निरोप एवढाच, की घेऊन या आणि होती तिथेच ठेवा. सीमेवर कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, 'खरं सांगायचं ला. एवढंच सोपं पडतं.'

जागा कुठली ते मात्र मला सांगता येईना. वाटेत असे खडक पुष्कळ. शेवटी त्या सहलीचे जुने फोटो मागवले. एका फोटोत सगळे दात काढून उभे आहेत आणि मी टोकाला, उजवा हात खिशात. मागे, खालच्या वळणावर, तो खडक आहे, त्यातून वाकडं वाढलेलं एक झाड. गाइड एका सुट्टीच्या दिवशी स्वतः चढून गेला आणि त्याच झाडाचा आजचा फोटो पाठवला. खाली कळसांची ओळ. माझ्या खिशातल्या हाताचं कारण त्यालाही कळलं असणार.

बायकोने त्याच्याशी बोलायला फोन मागून घेतला. तिचं हिंदी आंबे विकण्यापुरतं. 'भैया, उधर फूल चढाते क्या?' तो म्हणाला, 'दीदी, दिया जलाते हैं, पानी रखते हैं. लेकिन आप फूल लाओ.' जास्वंद तिथवर टिकणार नाही म्हणून ती खट्टू झाली. आता सुरंगीचे सुकलेले वळेसर, म्हणजे त्या फुलांचे गजरे, बरोबर घ्यायचं ठरलं आहे.

माझा गुडघा दुखरा आहे. तो मठाचा चढ आता सोपा नाही. म्हणून गणपती विसर्जनापासून रोज सकाळी खाडीपासून सड्यापर्यंतची घाटी चढतो, पाठीवरच्या पिशवीत जांभ्या दगडाचा अर्धा चिरा घालून. पहिल्या आठवड्यात तीनदा बसावं लागे. आता एकदाच बसतो. मोहोराची पहिली फवारणी आमच्याविना होईल, दिवाळीनंतरचे पाहुणे मी नाकारले आहेत. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, यंदा कुठे फिरायला काय? म्हटलं, फिरायला नाही, एकाला घरी पोचवायला.

तिकिटं काढली त्या दिवशी मी पुण्याच्या त्या मुलाला फोन केला. तो 'बोला काका' म्हणाला. सांगितलं की तुला अनवाणी उभं केलं तेव्हा माझ्या देवघरात काय होतं. मला वाटलं आता चार शब्द ऐकवेल, तो हक्क त्याला होता. त्याने फक्त विचारलं, 'मग तुमचं गाऱ्हाणं कोण घालणार?'

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

निघायला तीन आठवडे आहेत. येत्या सोमवारी घुमटीवर यायचा गुरवाला निरोप पाठवला आहे, वाडीही जमेल. कशासाठी ते त्याला अजून सांगितलेलं नाही, तिथेच सांगेन. ज्या कातळावर त्या दोघांना उभं केलं, त्याच कातळावर अनवाणी उभं राहणं माझ्याकडून राहिलं आहे. त्यानंतर तो कळस त्याच्या जागी ठेवणं राहिलं आहे. आणि त्याचं विरघळून गेलेलं टोक, ज्याचं तीर्थ आम्ही प्यायलो, ते त्या माणसाच्या घरच्यांचं मी देणं लागतो. ते माझ्याकडून कधीच परत होणार नाही.