रांगेतली इंजिनं आणि मुबीना

पनवेलच्या मुबीनाला माणसांना बोलतं करायची कला उपजतच होती. नवरा खलील नोकरीला कतारमध्ये, दोह्यात, मुलगी जास्मीन सासरी मुरुडला. रिकामं बसणं तिला जमेना, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं सर्वेक्षणाचं काम धरलं.

पुण्याची अर्थशास्त्राची संशोधक इरा जासईला एका कंटेनर यार्डाबाहेरच्या ट्रकांचा अभ्यास करत होती. रांगेत उभ्या-उभ्या किती डिझेल जळतं, किती धूर होतो आणि तो कशानं कमी होईल, हे तिला शोधायचं होतं. इंजिन बंद ठेवल्यानं किती डिझेल वाचतं हे पटवलं की काम होईल, असा तिचा अंदाज. तिच्यासाठी मुबीनानं आठवडाभर चालकांना पत्रकं वाटली. इंजिनं आपली धडधडतच राहिली.

शेवटी तिनं फॉर्म मिटून पिशवीत टाकला आणि रांगेतल्या दादू ठाकूर या ट्रकचालकाच्या केबिनपाशी जाऊन सरळ विचारलं, "दादूभाऊ, खरं सांगा. बंद का नाही करत?"

"ताई, डिझेल जालायला आमी काय येडे हाय? रांग कवा हलंल त्याचा नेम नाय. चालू करेपर्यंत मधी दुसरा घुसतो. नंबर गेला म्हंजे दिवस गेला!"

मुबीनानं तिथल्या तिथं फोन लावला. "इरा मॅडम, डिझेलचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं! भीती आहे ती नंबर जाण्याची!"

पलीकडून इरा म्हणाली, "मुबीनाताई, परत सांगा. हळू. मी लिहून घेतेय."

महिनाभराचा प्रयोग ठरला. चिठ्ठ्या टाकून काही दिवस टोकनचे, काही नेहमीसारखे; म्हणजे फरक नेमका कळेल. टोकनच्या दिवशी येताच प्रत्येक ट्रकला नंबराचं टोकन मिळणार आणि आपली पाळी आली की चालकाच्या मोबाइलवर मेसेज येणार. यार्डाचे मॅनेजर गुरुदत्त 'बघू या' म्हणत कसेबसे तयार झाले.

पहिल्याच टोकनच्या दिवशी मागचा एक ट्रेलर मुसंडी मारून पुढे आला. वॉचमननं मान फिरवली. सगळी रांग बघत होती. मुबीना थेट त्या ट्रेलरसमोर जाऊन उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"टोकन दाखवा."

"बाई, बाजूला हो!"

"आज नंबर मोडला तर उद्या इथं कुणी कुणावर विश्वास ठेवणार नाही. गाडी मागे घ्या!"

दादू खाली उतरला. त्याच्यामागोमाग आणखी चार-पाच जण. ट्रेलर मुकाट्यानं मागे गेला.

आणि मग दादूनं किल्ली फिरवली. त्याचं इंजिन थांबलं. पुढचं थांबलं, त्याच्या पुढचंही. मुबीना घड्याळ बघत नोंदी करत पळत सुटली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस! "या अल्लाह, लिहू तरी किती भरभर!" असं म्हणत ती एकटीच हसत होती.

महिनाअखेरीस आकडे जुळवले. टोकनच्या दिवशी उभ्या ट्रकांची इंजिनं नेहमीच्या दिवसांच्या निम्म्याहून कमी वेळ चालली होती. फाटकावर बसवलेल्या धूर मोजणाऱ्या यंत्रातही आकडा उतरलेला. बैठकीत इरानं माइक मुबीनाच्या हाती दिला, आणि तिचं बोलणं ऐकून गुरुदत्तनी टोकन कायमचं करून टाकलं.

अहवालावर इराच्या नावाखाली मुबीनाचं नाव छापून आलं. तिनं फोटो पाठवला, तसा दोह्याहून खलीलचा फोन आला.

"काय गं, अर्थशास्त्रज्ञ झालीस की काय?"

"झालेच समजा!" मुबीना म्हणाली, आणि दादूच्या केबिनपासूनची सगळी हकीकत त्याला सांगू लागली.