बर्निसची तीन वर्षं

दहाव्या रस्त्यावरच्या त्या इमारतीत तळाला माझं सुतारीचं दुकान आणि चौथ्या मजल्यावर बर्निस कोव्हाल्चिक. कोळशाच्या खाणीच्या गावातली पोर, वय एकोणचाळीस. दिवसा कॅफेटेरियात सूप वाढायची, उरल्या वेळात चित्रं. तिच्या कॅनव्हासच्या चौकटी मीच ठोकायचो.

एकोणीसशे सत्तावन्नच्या फेब्रुवारीत तिचं चित्र गॅलरीत जायचं होतं. ती गॅलरी चित्रकारांनीच वर्गणी काढून चालवलेली; कुणाला सभासद करून घ्यायचं ते हात वर करून ठरवत. दोनदा तिला नाही म्हणाले होते. तिसऱ्या नकारानंतर परत विचारायचं नाही, असा नियम.

चित्र नऊ फुटी. भिंतीचा स्वस्त रंग, बोटभर जाड. तीन वर्षं एकेक काळी रेघ घातली, खरवडली, पुन्हा घातली. चौकटीसकट जिन्यातनं उतरेना, म्हणून मी खिळे उपसले.

"वाळलंय का हो, ओरेस्टकाका?"

मी बोट लावलं. "खडखडीत हाय. भायेर बर्फाचा चिखुल पडतोय. रंग आतल्या अंगाला घालून गुंडाळू, म्हंजी भिजायचा न्हाई."

"आत? रंग बाहेर ठेवतात ना?"

"तीस वर्सं गुंडाळतोय मी. आता तू शिकीव मला!"

तिनं दुसरी कडा धरली बिचारीनं.

गॅलरीत उलगडलं तसा चर्रर्र आवाज आला. वर नुसती साय धरलेली, आत रंग लोण्यासारखा कच्चा. लपकेच्या लपके उपटून भलतीकडं चिकटले. तिच्या रेघा गेल्या.

तेवढ्यात सभासद आले. दाढीवाला राल्फ जमिनीवरच उकिडवा बसला. "आयला! बर्निस, हे केलंस कसं गं?"

"मी नाही केलं. गुंडाळताना खराब झालंय."

"खराब? अगं, मागची दोन म्हणजे भरतकाम होतं. हे चित्र आहे!"

सगळे हात वर गेले.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "मी परत नेते."

"ने की. पण मग आमचा तिसरा नकार धर."

तिनं माझ्याकडं बघितलं. खरं तर हे माझ्या हट्टानं झालं, असं मीच पुढं होऊन सांगायला हवं होतं. मी बुटांवरचा चिखल बघत राहिलो.

"राहू दे," ती म्हणाली.

लोकांनी वाखाणलं. गॅलरीवाले म्हणाले, अजून असलीच आण. जूनमध्ये तिनं मला वर बोलावलं. खोलीभर तिनं स्वतः गुंडाळून रंग उपटलेले कॅनव्हास पडले होते, पाच-सहा तरी. एकही त्या गॅलरीतल्यासारखा उतरला नव्हता. भिंतीला नवा होता, ओला. त्यावर तिच्या त्याच काळ्या रेघा, नीट, एकेक.

"गुंडाळा काका. रंग आत."

"बर्निस, असू दे की गं ह्यो. लई ग्वाड झालाय."

"तीस वर्षं गुंडाळताय ना?"

मी खाली वाकलो, कडा धरली. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.