पिंपाला हात लावायचा नाही

आमच्या वाईनरीच्या गोष्टी मी मुद्दाम सांगायला बसत नाही. पण शब्बाथच्या, शुक्रवार रात्रीच्या जेवणाला कुणीतरी बाटली उघडतं, आणि एक गोष्ट निघाली की तिच्यामागून दुसरी येतेच. नातवंडं हिब्रूत म्हणतात, "पुरे आता, आजोबा." मी मराठीत पुढे चालू ठेवतो.

इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावच्या पत्र्याच्या खोल्यांत आम्ही भारतातून नवे आलो होतो. कामाच्या ऑफिसनं मला आणि सॅमसनकाकांना एकाच ठिकाणी धाडलं. काका मूळचे रेवदंड्याकडचे, हयात मुंबईच्या गोदीत गेलेली. बस आम्हाला रस्त्यावर सोडून गेली. समोर द्राक्षांचे मळे, एक दगडी शेड आणि आंबूस वास. काका दारातच थांबले.

"मुंबईत दारूबंदी झाली. बाटली सापडली तर पोलीस धरायचे," ते म्हणाले. "आणि हितं सरकारनंच दारूच्या कारखान्यात नोकरी लावली."

*

पहिल्याच दिवशी मालकानं लाल वाईनचा एकेक पेला पुढे केला. मालक रुमानियाचा, मनानं बरा, पण भित्रा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी; आम्ही जन्मभर किद्दूश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना, केली ती मनुका भिजवून केलेल्या सरबतावर. कोकणात वाईन कुठली?

काकांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "माल चांगला हाय," म्हणाले. "जरा मीठ-जिरं टाका म्हणावं."

मी इंग्रजीत भाषांतर केलं. मालकाला हसू आलं नाही. मला मात्र ती वाईन आवडली. आधी तुरट, मग जांभळासारखी. छोट्याशा शेडमध्ये इतकी छान चीज होते, याचा मला अभिमानच वाटला. नवा होतो ना!

*

अभिमान आठवडाभर टिकला. एका पिंपाची तोटी गळत होती. काकांनी धावत जाऊन ती हातानं दाबून धरली. तेवढ्यात मश्गियाख आला. मश्गियाख म्हणजे माल कोशेर, धर्माला चालणारा, आहे की नाही यावर नजर ठेवणारा रब्बी, आमचा धर्मगुरू. तो ओरडला, "हात काढ!"

संध्याकाळी ते अख्खं पिंप गटारात ओतलं. यहुदी नसलेल्याचा हात लागला की वाईन चालत नाही, असा नियम.

"मी यहुदी नाय?" काकांनी विचारलं.

"तुमचे लोक यहुदी आहेत की नाहीत, याचा मोठ्या रब्बींकडे निकाल अजून लागायचा आहे," रब्बी शांतपणे म्हणाला.

कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. तिथल्या मराठ्यांना, मुसलमानांना आमच्याबद्दल कधी शंका आली नाही. ती यायला इस्राएलला यावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं बाटल्या धुण्यावर. काकांनी एकच धरून ठेवलं: "मरायच्या आधी ह्याच्या तोंडून वदवून घेईन मी कोण ते."

*

एकदा अमेरिकेहून देणगीदार आले. मालकाला फोटो हवा होता: भारतातला यहुदी बंधू पाहुण्याच्या ग्लासात वाईन ओततोय. पण काकांनी उघडी बाटली धरली तर वाईन बाद. म्हणून मालकानं बाटलीत बीटाचं पाणी भरलं.

फोटो निघाला. पाहुण्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "या मातीची चवच वेगळी."

तो फोटो पुढे कित्येक वर्षं ऑफिसात लावलेला होता.

*

पेसाहच्या सणाला मालकानं सगळ्यांना एकेक सीलबंद बाटली दिली. काका घरी घेऊन गेले. रिबकाकाकूंनी ती दाराबाहेर ठेवली आणि मनुका भिजत घातल्या.

"जी तुमच्या हातानं बाटते, ती माझ्या घरात नको," काकू म्हणाल्या. "माझं सरबत कुणाला विचारत नाय तुम्ही कोन ते."



*

आता ही शेवटची. द्राक्षतोडणीचे दिवस होते. रब्बीच्या बापाचं वर्षश्राद्ध होतं, त्याला कद्दीश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायचा होता. कद्दीशला दहा यहुदी पुरुष लागतात. शहरातून माणसं आणणारा ट्रक वाटेत बंद पडला. सूर्य खाली चाललेला. मालक, बाकीचे कामगार, रब्बी स्वतः धरून आठच जण झाले.

रब्बी आमच्या मोरीपाशी आला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "चला."

काकांनी हात पुसले, टोपी घातली. पिंपांच्या शेडमध्ये आम्ही दहा जण उभे राहिलो. रब्बी बापासाठी रडत रडत कद्दीश म्हणाला. आमेन सगळ्यात मोठ्यानं काकांचं.

प्रार्थना संपली. काका सरळ त्या हंगामाच्या लाल वाईनच्या सगळ्यात मोठ्या पिंपाकडे गेले. झाकण काढलं, बाही वर केली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. मालक अडवायला धावला, पण उशीर झाला होता.

"बोला, रब्बी," काका म्हणाले. "ही ओतायची काय?"

रब्बीनं पिंपाकडे बघितलं. मग हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाकडे.

"झाकण लाव," तो म्हणाला. "माशा बसतील."