मागच्या गाडीसाठी दोन सूचना

रविवारी संध्याकाळी मोटारशर्यत बघायची सवय मला थोरल्या भावाने लावली. दादा रिफायनरीत होता, मी मकरपुऱ्यात पंपाच्या कारखान्यात डिझाइन करते. बडोद्यात आमच्या ओळखीत या शर्यतींचं वेड दुसऱ्या कुणाला नव्हतं, त्यामुळे भांडायला आम्ही दोघंच. निवृत्तीनंतर एकदा मात्र दादा शर्यत अर्ध्यावर टाकून उठला.

"पहिल्या वळणाला जो पुढे, तोच जिंकणार. मागचा कितीही वेगवान असो, जवळ गेला की ढेपाळतो. यात बघायचं काय?"

खरंच होतं ते. पुढची गाडी मागे घुसळलेली हवा सोडत जाते. त्या हवेत मागच्या गाडीचे पंख तिला रस्त्यावर दाबून धरू शकत नाहीत, आणि वळणावर ती घसरते. पंपात शिरणारं पाणी आधीच घुसळलेलं असलं की आमच्या पात्यांचीही अशीच दैना होते.

त्याच सुमारास नियम करणाऱ्या संस्थेने प्रेक्षकांकडून सूचना मागवल्या. मी पाठवायचं ठरवलं.

"मकरपुऱ्यात बसून तू त्यांचे नियम बदलणार?" दादा हसला.

"बदलणं त्यांच्या हातात. सांगणं माझ्या."

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? करून बघायला हवं होतं. कारखान्याचे शेठ म्हणाले, "बेन, रविवारे आवो. जतां पहेलां मेन स्विच बंद करजो." निघताना स्विच बंद करायचा, एवढीच अट. मी लाकडाच्या दोन छोट्या गाड्या केल्या, त्यांना लोकरीचे धागे चिकटवले आणि समोर मोठा ब्लोअर लावला. पहिला रविवार वाया गेला, कारण ब्लोअरची हवाच भोवऱ्यासारखी येत होती. पुढच्या खेपेला मी कोल्ड्रिंकच्या नळ्या चिकटवून त्यांची जाळी केली. तिच्यातून हवा सरळ आली. मग उदबत्तीचा धूर सोडला. मागच्या गाडीवरचे धागे वेड्यासारखे फडफडायला लागले.

मी पुढच्या गाडीचे पंख कापून लहान केले आणि पकड भरून काढायला तिचा तळ खालून घासून त्याला बाक दिला, म्हणजे खालून वेगाने जाणारी हवा तिला रस्त्याकडे ओढेल. आता धूर वर उचलला जाऊन मागच्या गाडीच्या डोक्यावरून निघून गेला. धागे बरेच शांत झाले. गाड्या अशा बनवाव्यात, ही माझी पहिली सूचना ठरली. माझ्याबरोबर आलेला दादा इतका वेळ खुर्चीत बसून बघत होता, तो उठून जवळ आला.

"हे झालं. पण छोट्या संघाला असे प्रयोग परवडणार कुठून? मोठ्यांना शर्यतींच्या उत्पन्नातून जुन्या नावाचा वेगळा हिस्सा मिळतो. हरले तरी."

"त्यांच्या नावावरच तर गर्दी येते."

"येते ना! मग त्यांना एकट्यानेच पळू दे. बघू कोण येतं."

दादाने युनियनमध्ये वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या होत्या. त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही. मग दुसरी सूचना आम्ही दोघांनी मिळून लिहिली. उत्पन्नाचा मोठा भाग सगळ्या संघांना सारखा वाटावा, उरलेला निकालावर. नुसत्या नावाला काही नको. आणि ज्यांना जुन्या नियमाचा फायदा होतो, त्यांना नवा नियम अडवून धरता येऊ नये.

दोन्ही सूचना पाठवल्यावर काही महिन्यांनी संस्थेकडून ऑनलाइन बैठकीचं बोलावणं आलं. मी धुराचे व्हिडिओ दाखवले. एका तज्ज्ञाने विचारलं, "खऱ्या वेगाला हे असंच होईल कशावरून?"

"होईलच असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे वाऱ्याच्या झोतात गाड्या तपासायचा मोठा बोगदा आहे. तपासून बघा."

तो हसला आणि त्याने ते तपासणीसाठी पाठवायचं मान्य केलं. पैशांच्या वाटपाचा विषय निघाला तेव्हा मात्र अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे आमच्या कक्षेत येत नाही."

"मग कुणाच्या येतं?"

त्या पुढच्या विषयाकडे वळायला लागल्या. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी व्यावसायिक करार बघणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवलं.

बैठक संपल्यावर मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "टोलवलंन तुला."

"टोलवू दे. त्या कंपनीलाही पाठवते."

"थांब, मी येतो. तो भाग जरा कडक लिहायला हवा."

तासाभरात तो आला. जेवणं आटोपून आम्ही लिहायला बसलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी ते पाठवून दिलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला विचारते, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहणार आहे.