दात घासले

'दात घासले' या दोन शब्दांची वहिदाबाईंना किळस होती. सुट्टीतल्या रोजनिशीच्या वह्या तपासायला बसल्या की त्यांच्या तोंडाला खरोखर पाणी सुटायचं, मळमळल्यावर सुटतं तसं. बेचाळीस पोरांचा वर्ग, आणि प्रत्येकानं महिनाभर तेच लिहिलेलं. 'आज मी सकाळी लवकर उठलो. दात घासले. देवाची प्रार्थना केली. आईला कामात मदत केली.' मे महिन्यात बेगमपुऱ्यात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, पण वह्यांमध्ये सगळी गल्ली रोज चकाचक दात घासून बसलेली. आईला मदत करणारा गल्लीतल्या आवडाबाईंचा सांडू दिवसभर मकबऱ्यामागं पत्ते कुटताना बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. "त्यापेक्षा कोरी वही द्या रे," त्या म्हणायच्या. "कोऱ्या वहीला निदान वास येत नाही."

पंचवीस वर्षं त्या मराठी शिकवत होत्या. शेख वहिदाबाई मराठी शिकवतात याचं नव्या पालकांना नवल वाटायचं आणि त्या नवलाचीही बाईंना शिसारी होती. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या उर्दू शाळेत तिसरीला होत्या. अब्बा निजामाच्या कचेरीत कारकून. कचेरीची भाषा बदलली, अब्बांची नोकरी गेली आणि दोन वर्षांनी त्यांनीच लेकीचा हात धरून तिला मराठी शाळेत नेऊन बसवलं. तिथं पहिला निबंध आला, 'आमची गाय'. वहिदानं मोडक्यातोडक्या मराठीत होतं ते लिहिलं. आमच्याकडं गाय नाही. एक कोंबडी आहे. ती अब्बांच्या कचेरीच्या टोपीत अंडी घालते आणि अब्बा तिला हाकलत नाहीत.

गुरुजींनी हातावर छडी दिली. "विषय काय दिलाय? गाय लिही." मग तिनं शेजारच्या मुलीच्या वहीत बघून चार पाय, दोन शिंगं आणि शेपटाचा गोंडा लिहिला. दहापैकी दहा मिळाले. अब्बांनी ती वही गल्लीभर दाखवली. "त्या गाईचं शेण अजून माझ्या हाताला आहे," असं वहिदाबाई पन्नाशीला टेकल्या तरी नवऱ्याला सांगायच्या.

नवरा मुख्तारमियां. त्याचं बुकबाइंडिंगचं छोटं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. परीक्षा संपली की गल्लीतली पोरं जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं फाडून त्याच्याकडं आणायची. एकरेघी, दुरेघी, गणिताच्या चौकटींची, हिशेब नाही, सगळी पानं एकत्र जुळवून तो दोऱ्यानं शिवून द्यायचा आणि वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर चढवायचा. बेगमपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पोरांची रफ वही अशीच व्हायची. बाईंनी त्या वहीला कामाला लावायचं ठरवलं. निवृत्त होण्याआधी एक तरी पोर असं निघावं, जे डोळ्यांना दिसलं ते लिहील, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती. एकच पोर. जास्तीची हाव नव्हती.

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या घरोघर फिरल्या. पोरांनी रोज घरी बसून पानभर लिहायचं. गाईडातलं नाही, स्वतः बघितलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं. आणि वही बाईंशिवाय कुणी उघडायची नाही, आईबापानंसुद्धा नाही. "आणि मी वाचलेलं कुणाला दाखवणार नाही," हे बाईंनी प्रत्येक उंबऱ्यावर बजावून सांगितलं.

"घरातलं कशाला लिवायचं बाई?" आवडाबाई म्हणाल्या. "गाईडात समदं हाय की. पैसं मोजून आणलंय ते."

चतुराबाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांचा नवरा रामकिसन चिकलठाण्याच्या कारखान्यात होता आणि कारखाना होळीपासून बंद पडलेला. त्यांच्या तोंडावर त्याची काळजी दिसायची, पण दारात आलेल्या माणसाला त्या उभं ठेवत नसत. "लिव्हू द्या," त्या म्हणाल्या. "आमची गोदी तशी गपच असती. कुठंतरी बोलंल तरी."

जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या आल्या. बाई पाटावर बसून एकेक उघडायला लागल्या. दात घासले. दात घासले. एकानं कळस केला, सकाळ-संध्याकाळ दोनदा घासले. चिडून त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि खालून गोदावरीची वही वर आली. त्या वर्षी धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला होता. चतुराबाईंनी पैठणहून थोरल्या लेकीला आणि जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घातलं होतं. गल्लीतल्या बायकाही होत्या. गोदानं त्याच दिवसाचं लिहिलं होतं.

'आमच्याकडं रस होता. आंबे कमी होते. आधी दाजी आणि माणसं बसली. दाजीनं दोन वाट्या पिल्या आणि तिसरी अर्धी ठेवली. दाजीच्या मिशीला रस लागला, तो त्यानं वाटीच्या काठाला पुसला. पंगत उठल्यावर आईनं वाट्या आत आणल्या आणि दार लोटलं. सगळ्या वाट्यांतला उरलेला रस तिनं चाळणीतून परत पातेल्यात ओतला. चाळणीत दोन शितं आणि एक केस राहिला. आईनं त्यात दूध घातलं आणि लई साखर घातली. मग बायांची पंगत बसली. आवडामावशी म्हणाली, चतुरा, असा रस माझ्या माहेरी अजिंठ्याला पण नाय. आई हसली. मी रस घेतला नाही, पोट दुखतं म्हणाले. सगळे गेल्यावर आईनं पातेलं बोटानं पुसून पोळीला लावलं. सकाळपासून तिचा तो पहिला घास होता. माझ्याकडं बघून म्हणाली, गोड झालता ना गं.'

मिशीपाशी बाईंनी नाकाला पदर लावला. केसापाशी 'शी' म्हणाल्या. शेवटच्या ओळीला मात्र तोच पदर डोळ्यांकडं गेला. सहावीतल्या पोरीनं एका पानात आई उभी केली होती, लाज, भूक आणि हौस सगळ्यासकट. पंचवीस वर्षांनी कोंबडी अंड्यावर आली, असं त्यांच्या मनात आलं.

मुख्तारमियांनी पान वाचलं आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली. "अच्छा लिखी है छोरी. कपाट में रखो. लोगां के घर की बात लोगां के घर में रहने दो."

"मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. वही त्यांनी कपाटात ठेवली, हे खरं.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी बाईंनी पोरांना आणि त्यांच्या आयांना घरी बोलावलं. खसचं सरबत केलं होतं. आवडाबाईंनी ग्लास घेतला नाही. "आज उपास हाय बाई." वहिदाबाईंच्या घरात त्यांना आठवड्याचे सातही वार उपास असायचा. तीन-चार जणींना तो तिथंच लागायचा आणि मग त्या समोरच्या भेळवाल्याकडं सोडायच्या. चतुराबाईंनी दोन ग्लास घेतले. त्या नेहमीच घ्यायच्या.

वाचून दाखवायची कुणावर सक्ती नव्हती. पण आवडाबाईंनी सांडूला ढोसून उभा केला. त्यानं छाती काढून 'मी सूर्य बोलतोय' म्हणून दाखवलं. वाचून नाही, म्हणूनच, कारण ते गाईडातलं पाठ होतं. सूर्यानं मानवाला तेज दिलं, वृक्षांना जीवन दिलं, शेवटी सर्वांचा निरोपही घेतला. टाळ्या पडल्या.

"याला म्हणायचं लिवणं," आवडाबाई म्हणाल्या. "डोकं लागतं. बाई म्हणत्यात तसं मोरीतलं न्‌ चुलीपुढचं काय, कुणी बी लिव्हंल."

 वहिदाबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. आतल्या खोलीच्या दारात उभ्या मुख्तारमियांनी मान हलवून नको म्हटलं, ते त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "मी नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं लिहिणं कशाला म्हणतात, ते ऐका एकदा." नाव गाळलं की माणूस गळतो, असा त्यांचा हिशेब. दाजीच्या जागी त्या 'पाहुणा' म्हणाल्या, आवडामावशीच्या जागी 'एक बाई', आणि अजिंठा गाळला. बस्स, झालं, आता कुणाला काय कळणार. वर्षभर वर्गात त्याच सांगत होत्या की असं लिहा, वाचणाऱ्याला डोळ्यांपुढं दिसलं पाहिजे. गोदानं तसंच लिहिलं होतं.

मिशीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. चाळणीपाशी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गोदा जमिनीकडं बघत होती, तिचे कान लाल झाले होते, पण बाईंचं लक्ष वहीत. मानेनं ताल धरून त्या वाचत होत्या, "एक बाई म्हणाली, असा रस माझ्या माहेरी पण नाही."

पुठ्ठ्यानं वारा घेणारा आवडाबाईंचा हात थांबला. "हे तर मी म्हणले व्हते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि मोरीकडं धावल्या. तिथं त्यांनी असे काही आवाज काढले की बाकीच्यांनाही उमासे यायला लागले. रस जिरून दहा दिवस झाले होते, तो काही परत येणार नव्हता. पण ओकारीला निमित्त पुरतं.

"आमाला उष्टं खाऊ घातलं व्हय गं चतुरा?" त्या पंगतीला असलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या आणि दाराबाहेर जाऊन थुंकल्या.

"पुढं ऐका, अजून तीन ओळी आहेत," वहिदाबाई सांगत होत्या. "त्या ऐका आधी." कुणी ऐकलं नाही. चपला शोधायची घाई झाली होती. पोळीला लावलेला तो घास वहीतच राहिला.

चतुराबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातला ग्लास मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला, बाईंच्या हातातून वही काढून घेतली आणि पोरीचं मनगट धरलं. "बाई, कुनाला दावणार नाय म्हणल्या व्हत्या तुमी," एवढंच त्या बोलल्या. वही त्याच दुपारी बंबात गेली. मुख्तारमियांची शिलाई पक्की, फाडून फाटली नाही, म्हणून अख्खीच घालावी लागली, असं नंतर कळलं.

वहिदाबाई दोनदा माफी मागायला गेल्या. चतुराबाईंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, "झालं गेलं" म्हणाल्या. गोदा आतून बाहेर आली नाही. श्रावणात चतुराबाईंनी सत्यनारायणाचा प्रसाद गल्लीत वाटायला काढला, तेव्हा बाई आपल्या ओट्यावर होत्या. समोर आवडाबाईंनी कपाळाला हात लावून दोन पावलं मागं घेतली. "आज उपास हाय गं."

तोच सूर. प्रसादाला उपास. बाईंना त्या तोंडाचा असा तिटकारा आला की त्यांनी खिडकी लावून घेतली. तंबाखूची गोळी या दातातून त्या दातात फिरवणारी ही बाई, हिला शीत आणि केस बाधला. पण खिडकी लावून काय होतंय, आत त्या स्वतः होत्या. गोदाचं लिहिणं मोठं व्हावं म्हणून काही त्यांनी कपाट उघडलं नव्हतं. आवडाबाईंचं तोंड बंद करायला उघडलं होतं. एका पोरीनं विश्वासानं हातात दिलेलं त्यांनी भांडणात फेकून मारलं होतं. उष्टं कुणी कुणाला वाढलं, याचा विचार करताना त्यांना स्वतःच्या हाताचा वास यायला लागला. वहिदाबाई बादलीपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मुख्तारमियांनी पुन्हा वह्या शिवल्या. आपली पानं घेऊन गोदा येईल असं बाईंना वाटलं नव्हतं, पण ती आली. मान खाली घालून शिवलेली वही घेऊन गेली. तो महिनाभर बाईंनी दिवस मोजले, कुणाला सांगितलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी गोदानं वही आणून टेबलावर ठेवली. अक्षर सुधारलं होतं. समास पट्टीनं आखलेला, खाडाखोड एकही नाही. बाईंनी पहिलं पान उघडलं.

'आज मी सकाळी लवकर उठले. दात घासले. देवाच्या पाया पडले. आईला कामात मदत केली.'

दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. बाईंनी एकरेघी, दुरेघी, चौकटींची सगळी पानं शेवटापर्यंत उलटली. कुठं वाटी नव्हती, केस नव्हता, आई असून नव्हती.

"घरी कुणी बघितली का गं ही वही?" त्यांनी विचारलं.

"आईनं रोज बघितली," गोदा म्हणाली. "ती म्हणाली, आता छान लिवतीस."

पोर उभीच होती. बाईंना कळेना, आता काय उरलं. मग तिनं बोटानं वहीचा खालचा कोपरा दाखवला, शेरा लिहायची जागा. घरी दाखवायला लागणार होता.

वहिदाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि दहापैकी दहा दिले.