हरभऱ्यातली सावली

"डोळ्याचं झालं, आता डोक्याचं बी करून घे म्हणावं म्हातारीला."

किल्लारीच्या पुढच्या फाट्यावर आम्ही जीपमधून उतरत होतो. बोलणारा टपरीपाशी बसला होता, आवाज आम्हाला ऐकू यावा इतकाच. बाकीचे हसले. आत्यानं पदर सारखा केला आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. मी बहुतेक वेळा गप्पच असते… कॉलेजात प्रेझेंटेशनच्या दिवशी मला खरोखरचा ताप येतो.

भूत, करणी, संकेत असलं काहीही मी मानत नव्हते, आजही मानते असं म्हणवत नाही. कुणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. मला राग आलाय, अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा नाही, मूल नाही, शेत एकटी करते. दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती तीन महिने आमच्याकडे नांदेडला होती. जानेवारीत गावी परतली तर शेताच्या कडेची चिंच गायब. दोघांच्या कवेत न मावणारं झाड. खोड नाही, बुंधा नाही. मशीन लावून मुळं उपटलेली, वर नांगर फिरवून हरभरा पेरलेला आणि बांध आत्याच्या बाजूला सरकलेला. शेजारचं शेत तिच्या चुलत दिराचं, बब्रूकाकांचं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कुठली चिंच, वहिनी? हितं झाड नव्हतंच कधी."

गावातल्या एकानंही 'होतं' म्हटलं नाही. "आमचं काय तिकडं ध्यान नसतं बघा," एवढंच. महिन्याभरात गोष्ट इथवर आली की 'वहिनीला आता आठवत न्हाई, काहीबाही बोलायली, शेत आम्हीच बघतो.' त्याचाच निकाल लावायला रविवारी पोलीस पाटलांकडे बैठक होती. त्यासाठी आत्या मला न्यायला नांदेडला आली आणि शुक्रवारी आम्ही दोघी गावी उतरलो.

त्या चिंचेखाली मी लहानपणी जेवले आहे. मोबाइलमध्ये शोधलं, सूर्यास्ताचे शेकडो फोटो, झाडाचा एकही नाही. ड्रोन तर मी यंदाच्या दिवाळीत घेतला. नांदेडमध्ये विमानतळामुळे तो उडवायची पंचाईत, त्यामुळे सराव तसा कमीच. पण वरून सरळ खाली कॅमेरा धरला तर जुना बांध मातीच्या रंगावरून ओळखू येईल असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता, साठ मीटर उंचीवरून, एकमेकांवर थोडे चढतील असे फोटो काढले. आभाळ स्वच्छ होतं. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले… आणि हरभऱ्यात सावली होती. खोडाची जाड रेघ आणि पुढे गोल पसरलेला घेर. शेजारच्या विजेच्या खांबाची सावली जिकडे पडली होती, ही पण तिकडेच. जिथे सावलीची रेघ सुरू होत होती तिथे मात्र काहीच नव्हतं. नुसता हरभरा. ती जागा ज्या ज्या फोटोत आली होती, त्या प्रत्येकात हेच.

आत्याला दाखवलं. तिनं चष्मा न लावता बघितलं. "चिंचच हाय. डोळे चांगले केले गं डॉक्टरनी," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी परत शेतात गेले. जमिनीवर सावली वगैरे काही नव्हती. झाड होतं तिथून थोडी पुढे, घेर दिसला होता तिथे उभी राहिले. मान भाजत होती, स्क्रीन उन्हानं नीट दिसत नव्हता. माझी सावली माझ्या पायाशी होती, हे मला पक्कं आठवतं. ड्रोन वर नेला, एकच फोटो काढला.

त्या फोटोत मी आहे. हातात कंट्रोलर, वर केलेलं तोंड. माझी सावली नाही, कारण मी सावलीत उभी आहे.

मूळ फाइल्स मी नंतर फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या दोघांना दिल्या. लेन्स, सेन्सर, ढग, सगळं तपासून झालं. त्या शनिवारनंतर पुन्हा एकदा गेले तेव्हा फोटोत साधा हरभरा आला. कारण आजही कुणाला सांगता आलेलं नाही, मलाही नाही. मी एडिट करते ते उजेड आणि रंग, तेवढंच. आकाशातली एक तारसुद्धा मी कधी पुसलेली नाही.

रविवारी पाटलांच्या ओसरीवर वीसेक माणसं होती. बाई म्हणून आत्या आणि मी. मी शनिवारचा पहिला फोटो उघडून लॅपटॉप पुढे केला. सगळे वाकले. मग कुणीतरी फसकन हसलं.

"बाळ, हे कंप्युटरवर केलंय का तू?" पाटलांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. ते बहुधा मलाच ऐकू आलं.

ज्यांनी त्या झाडाच्या चिंचा वर्षभर पुरवून खाल्ल्या, ती माणसं जमिनीकडे बघत होती. आत्या मात्र सरळ समोर. तिला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता, आणि तिच्या डोक्याचा निकाल लागत होता.

बब्रूकाका स्क्रीनवर बराच वेळ वाकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग हसून सगळ्यांकडे वळले. "अहो, सोपं हाय. झाड उभं व्हतं तवाचा फोटो असंल हिच्याकडं. त्यातली सावली कापली अन् ह्यात चिकटवली. आजकालची पोरं लई हुशार."

पाटील मान हलवायला लागले. दोघं-तिघं "हाव हाव" म्हणाले. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. माझे कान तापले होते. मी उभी राहिले. आवाज फाटला, पण या वेळी सगळ्यांपर्यंत गेला.

"काका, म्हणजे झाड होतं."