गुडघ्याखाली एक इंच

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक आहेत – ही एक सोडून. मुलांना नाही, मित्रांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय टाळत आलो. आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. सांगून आता काय होणार आहे?

मी डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फोरमन होतो. टिपर असो नाहीतर लोडर, बिघडलेलं माझ्याकडे यायचं आणि चालू होऊन जायचं. त्याचा मला माज होता – हो, माजच. माणसाचं शरीर म्हणजे तरी काय, यंत्रच, असं मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही ऐकवायचो. बिचारे हसायचे.

आमच्या एका टिपर ड्रायव्हरचं बिऱ्हाड सावंतवाडीकडून येऊन कारापूरला राहिलं होतं. त्याची मुलगी सुलभा – नऊ वर्षांची, पोलिओने डावा पाय लुळा, हाताने मांडी दाबत चालायची. डॉक्टरांनी पणजीला जाऊन कॅलिपर – पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या – करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. मी म्हटलं, पणजी कशाला? मी बनवतो. ही पोरगी आपल्या पायांनी शाळेत जाईल, असं मी तिच्या बापाला छातीठोकपणे सांगितलं.

ते गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यात झाडं आडवी, बस बंद. कॅलिपर ज्यात बसवायचं ते म्हापशाच्या चांभाराकडे टाकलेले बूट काही येईनात. मला धीर कुठला? तिला सोप्यावर उभी केली आणि अनवाणी पायाचं माप घेतलं. आपल्याकडे घरात बूट कोण घालतं?

बूट आले, पट्ट्या टाचेत बसवल्या, आणि सुलभा चालली. सगळे बघत राहिले. तिची आई रडली, मीही थोडा रडलो – ते खोटं नव्हतं.

आठवड्याने तिची आई वर्कशॉपच्या दारात आली. म्हणाली, "सायबानू, बसताना चावता म्हणता चेडू." मी म्हटलं, पोरीला सवय नाही म्हणून. लाड करू नका. तेल घालून देतो, आणा इकडे.

तेल घालताना सहज टेप लावली – आणि कळलं. बुटाची टाच इंचभर जाड होती. बुटात पाय घातला की गुडघा तेवढाच वर जायचा, माझी बिजागरी मात्र अनवाणी मापावरच खाली राहिलेली. पाय ताठ ठेवून चालताना काही नाही. पण बसायला गुडघा वाकवला की वरचा पट्टा मांडीत रुतणार. आणि पोरगी शाळेत दिवसभर बसणार होती.

नव्या पट्ट्या कापायला किती वेळ लागला असता? अर्धा दिवस. पण याच कॅलिपरसाठी चार दिवसांवर माझा सत्कार ठेवला होता. वर्कशॉपातल्या पोरांनी विचारलं असतं, फोरमन, काय झालं? – आणि मला सांगावं लागलं असतं. मी पट्ट्याखाली कापूस चिकटवला आणि ते तसंच परत दिलं.

सत्काराला सुलभा व्यासपीठावर चालून दाखवायला आली. चाललीच फक्त, कुणी तिला बसवलं नाही. वक्ते अर्धा वेळ भाषेवरच बोलले, मग मला शाल मिळाली.

पुढे दुरुस्त करता आलं नसतं? आलं असतं की. दर महिन्याला आलं असतं. आई येऊन सांगायची, मी म्हणायचो, पोरगी आळशी आहे. मशीन तापलं तर मी मशीनला कधी आळशी म्हटलं नाही – आधी तेल बघितलं, आस बघितला. हिला म्हटलं. मग आई तिला माडाच्या झावळीच्या हिराने मारून कॅलिपर चढवायची. मांडीला जखम झाली, चिघळली. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी तिने कॅलिपर काढून ठेवलं आणि शाळाही सुटली. सगळे म्हणाले, हट्टी पोर, एवढं करून दिलं तरी. मी तिथेच होतो. ऐकत होतो.

मागच्या वर्षी साखळीच्या बसस्टँडवर एक बाई हाताने मांडी दाबत माझ्याकडे आली. बरोबर शाळेच्या कपड्यांत तिची मुलगी. सुलभानेच ओळख दिली. मुलीला मला नमस्कार करायला लावला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायबानू, तुमी माझ्यासाठी कितके कष्ट घेतल्यात. मियाच आळस केलंय. माफ करा माका."

आता तरी – नाही का? तिची मुलगी ऐकत होती. बस लागलेली नव्हती, वेळ होता.

"जांवदी गो बाय," मी म्हटलं. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी तिला माफ केलं.